वरळीहून लंडन किती लांब?

मित्रांनो, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात असं घर शोधूनच काढावं लागेल, की ज्या घरातलं एकही माणूस मुंबईला नाही. कुणाचे काका लालबागला, कुणाची आत्या परळला, तर कुणाचे आजोबा वरळीला. आजोबांच्या पिढीतली पुष्कळ माणसं गिरणीत कामाला होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. चाळीतल्या मुलांनी मग दुसरे धंदे शिकून घेतले. आता त्यांची मुलं शिकायला आणि नोकरीला परदेशी जातात. म्हणून "अमक्याचा नातू लंडनला गेला" असं हल्ली आपल्या वाडीतही ऐकू येतं.

मग प्रश्न येतो, लंडन किती लांब? कुणी म्हणतं सात हजार किलोमीटर. कुणी म्हणतं दहा तास. कुणी म्हणतं, "छे, तिकिटावर तर साडेचार तासच दिसतात!" यातलं खरं कुठलं? भूगोलाच्या तासाला आम्ही याचाच अभ्यास केला. तो सगळ्यांच्या उपयोगाचा आहे, म्हणून या भित्तिपत्रकात देत आहे.

आधी एक गंमत सांगतो. मालवणहून संध्याकाळची एस.टी. पकडली तर सकाळी आपण मुंबईला उतरतो. रस्ता जवळजवळ पाचशे किलोमीटरचा आणि वेळ दहा-बारा तास. मुंबईहून निघालेलं विमान तेवढ्याच वेळात लंडनला पोचतं. म्हणजे किलोमीटरने पाहिलं तर लंडन आपल्या मुंबईच्या चौदा पट लांब, पण तासांनी पाहिलं तर दोन्ही सारखीच! अंतराला दोन मापं असतात, एक किलोमीटरचं आणि एक वेळेचं. दोन्हींची गल्लत केली की घोटाळा होतो.

लंडन कुठे आहे?

पृथ्वीच्या गोलावर आडव्या आणि उभ्या रेघा असतात. आडव्या रेघा म्हणजे अक्षवृत्तं आणि उभ्या रेघा म्हणजे रेखावृत्तं. वरळी साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३ अंश पूर्व रेखांशाच्या किंचित अलीकडे आहे. लंडन साडेएक्कावन्न अंश उत्तर अक्षांशावर आहे. लंडनचा रेखांश तर पाठ करायलाही नको, कारण तो शून्य आहे. लंडनमधल्या ग्रिनिच या ठिकाणावरून जाणारी उभी रेघ म्हणजेच शून्य रेखावृत्त. सगळ्या जगाची मोजणी तिथून सुरू होते.

म्हणजे लंडन आपल्या उत्तरेला आहे आणि पश्चिमेलाही आहे. वरळीच्या समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की समोर पश्चिम. तिथून थोडं उजवीकडे वळलं की वायव्य दिशा. लंडनला जायचं तर त्या दिशेने निघावं लागतं.

दोरा लावून मोजा

आपल्या शाळेतला पृथ्वीगोल तीस सेंटिमीटर व्यासाचा आहे. त्याच्या पोटावर विषुववृत्तावरून दोरा गुंडाळला तर तो सुमारे चौऱ्याण्णव सेंटिमीटर भरतो. खऱ्या पृथ्वीचा घेर आहे सुमारे ४०,००० किलोमीटर. भागाकार करा. गोलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे खरे सुमारे ४२५ किलोमीटर.

आता दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं लंडनवर धरा आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा सर्वांत जवळची वाट आपोआप शोधतो. आम्ही दोरा मोजला तेव्हा तो सतरा सेंटिमीटर भरला. १७ गुणिले ४२५ म्हणजे ७,२२५. पुस्तकातलं अंतर आहे सुमारे ७,२०० किलोमीटर. एका दोऱ्याने इतकं बरोबर उत्तर येतं, आहे की नाही कमाल?

भिंतीवरचा नकाशा फसवतो

मग दोरा कशाला, भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर चालणार नाही का? नाही चालणार. पृथ्वी गोल आहे आणि नकाशाचा कागद सपाट आहे. संत्र्याची साल काढून पाटावर दाबून बसवली तर ती कुठे फाटते, कुठे ताणते. नकाशाचंही तसंच असतं.

वर्गातल्या नकाशावर मुंबई ते लंडन सरळ रेघ मारली तर ती सिरिया देशावरून आणि भूमध्य समुद्राजवळून जाते. पण गोलावरचा ताणलेला दोरा त्याहून बराच उत्तरेकडून जातो. कराचीच्या जवळून पाकिस्तान, मग इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिणेकडचा भाग, जॉर्जिया, काळा समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी आणि मग लंडन. नकाशावर हाच रस्ता काढला तर तो वाकडा, कमानीसारखा दिसतो. पाहणाऱ्याला वाटतं की वैमानिक वळसा घालून चालला आहे. पण जवळचा रस्ता तोच असतो.

पूर्वी लोक कसे जात?

पूर्वी लंडनला जायचं म्हणजे बोटीने. सुएझचा कालवा नव्हता तेव्हा जहाजं आख्ख्या आफ्रिका खंडाला वळसा घालून जात. तो रस्ता सुमारे १९,८०० किलोमीटरचा होता. शिडाच्या जहाजांना त्याला महिनेच्या महिने लागत. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि तोच रस्ता सुमारे ११,६०० किलोमीटरवर आला.

महात्मा गांधी १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. २९ ऑगस्टला ते मुंबईहून 'राजपुताना' या बोटीने निघाले. फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात उतरून पुढचा प्रवास त्यांनी मुख्यतः आगगाडीने केला. १२ सप्टेंबरला ते लंडनला पोचले. म्हणजे चौदा दिवस लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरही गोलमेज परिषदेला बोटीनेच गेले होते. चौदा दिवसांचे तास होतात ३३६. आजच्या विमानाचे दहा तास धरले तर तेवढ्या वेळात तेहतीस वेळा मुंबई ते लंडन अंतर कापून होईल.

विमान आलं

टाटांची विमानाने टपाल नेण्याची सेवा जे. आर. डी. टाटा यांनी सुरू केली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून 'पस मॉथ' नावाचं एका इंजिनाचं छोटं विमान स्वतः चालवत निघाले. अहमदाबादला थांबून ते मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. लंडनहून विमानाने कराचीपर्यंत आलेली पत्रं अशी पुढे मुंबईला येऊ लागली. आधी पत्रं उडाली आणि माणसं मागाहून!

स्वातंत्र्य मिळाल्यावर पुढच्याच वर्षी, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघालं. त्यात ३५ उतारू होते. विमानाला पंखे असलेली चार इंजिनं होती आणि त्याचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर. वाटेत कैरो आणि जिनिव्हा इथे थांबून ते १० जूनला लंडनला पोचलं. चौदा दिवसांचं काम दीड-दोन दिवसांवर आलं. पुढे १९६० साली एअर इंडियाने बोइंग ७०७ ही जेट विमानं आणली. त्यांचा वेग जवळजवळ दुप्पट होता. आज मोठी विमानं मध्ये कुठेही न थांबता मुंबईहून थेट लंडनला जातात.

हे सगळं असं मांडता येईल:

शिडाचं जहाज, आफ्रिकेला वळसा घालून : सुमारे १९,८०० कि.मी., कित्येक महिने
आगबोट, सुएझ कालव्यातून (शेवटी थोडी आगगाडी) : सुमारे दोन आठवडे
१९४८ चं विमान, दोन थांबे : दीड-दोन दिवस
आजचं विमान, थेट : सुमारे ७,२०० कि.मी., साडेनऊ ते दहा तास

विमानाला किती वेळ लागतो?

आता पाचवीत शिकलेलं गणित काढा. अंतर भागिले वेग म्हणजे वेळ. मोठं जेट विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडतं. ७,२०० भागिले ९०० म्हणजे ८ तास. पण वेळापत्रकात जाताना साडेनऊ ते दहा तास लिहिलेले असतात आणि येताना नऊ तासांच्या आसपास. मग आपलं गणित चुकलं का? गणित चुकलेलं नाही. काही गोष्टी त्यात धरायच्या राहिल्या. त्या तीन आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे वेग. विमान सगळा वेळ ९०० च्या वेगाने जात नाही. धावपट्टीपर्यंत ते गाडीसारखं हळूहळू चालतं. वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो. लंडनवर गर्दी असली तर उतरायच्या आधी आकाशात घिरट्याही घालाव्या लागतात. आपली एस.टी. स्टँडात शिरताना रांगेत थांबते ना, तसंच.

दुसरी गोष्ट म्हणजे वारा. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांना जेट वारे म्हणतात. त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर आणि कधी त्याहूनही जास्त असतो. थंडीच्या दिवसांत ते जास्त जोरात असतात. लंडनला जाताना वारा समोरून येतो आणि परत येताना पाठीवर असतो. खाडीत होडी वल्हवणाऱ्याला हे सांगायला नको. भरती अंगावर असली की दमछाक होते आणि पाठीशी असली की होडी आपोआप पळते.

समजा, वारा सगळ्या वाटेवर ताशी १०० किलोमीटरचा आहे. जाताना जमिनीवरून मोजलेला वेग ९०० वजा १००, म्हणजे ८००. वेळ झाला ९ तास. येताना ९०० अधिक १००, म्हणजे १,०००. वेळ झाला ७ तास १२ मिनिटं. रस्ता तोच, विमान तेच, पण जवळजवळ दोन तासांचा फरक. खऱ्या प्रवासात वारा सगळीकडे सारखा नसतो, म्हणून फरक कमी-जास्त होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे रस्ता. आकाशाला कुंपण नाही असं आपण म्हणतो, पण प्रत्येक देशाचं आकाश त्या देशाच्या मालकीचं असतं. परवानगी नसेल तर वरून जाता येत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि त्या देशाचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. पाकिस्ताननेही आपलं आकाश २०१९ साली फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत बंद ठेवलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी ते पुन्हा भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद केलं. असं झालं की विमानं समुद्रावरून वळसा घालून जातात. दोऱ्याचे सतरा सेंटिमीटर मग अठरा-एकोणीस होतात. डिझेलच्या गाडीला जसं जास्त डिझेल लागतं, तसं विमानालाही जास्त इंधन लागतं आणि वेळही वाढतो. भांडण जमिनीवर होतं आणि त्याचा वळसा आकाशात पडतो.

पृथ्वी फिरते, मग विमान का फिरवता?

आमच्या वर्गात एकाने विचारलं, "गुरुजी, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान नुसतं वर जाऊन थांबलं तर पश्चिमेकडचे देश आपोआप खाली येतील ना?" सगळे हसले. पण गुरुजी म्हणाले, "हसू नका, प्रश्न चांगला आहे."

उत्तर असं. धावत्या एस.टी.त तुम्ही जागच्या जागी उडी मारली तर मागच्या सीटवर जाऊन पडता का? नाही. जिथे होता तिथेच उतरता, कारण गाडीबरोबर तुम्हीही पुढे चाललेले असता. तसंच पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरत असते आणि त्या हवेतलं विमानही. हेलिकॉप्टर वरळीच्या वर तासभर घिरट्या घालत राहिलं तरी खाली वरळीच असते. म्हणून जाण्या-येण्याच्या वेळेतला फरक पृथ्वीच्या फिरण्याने थेट पडत नाही. तो वाऱ्यामुळे पडतो.

दोन शहरं, दोन घड्याळं

पृथ्वीच्या फिरण्यामुळे मात्र घड्याळात फरक पडतो. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका तासात १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटं. वरळीचा रेखांश ७२ अंश ५० मिनिटं आहे. त्याला ४ ने गुणलं तर सुमारे २९१ मिनिटं येतात, म्हणजे ४ तास ५१ मिनिटं. वरळीत सूर्य डोक्यावर आल्यानंतर जवळजवळ पाच तासांनी तो लंडनच्या माथ्यावर येतो.

आता ऐका. एके काळी मुंबईचं घड्याळ खरोखरच ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटं होतं! त्याला 'बॉम्बे टाइम' म्हणत. १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशासाठी एकच वेळ ठरली. ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेघेची. ८२.५ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटं, साडेपाच तास. मुंबईकरांना हे एकदम पटलं नाही. घड्याळ ३९ मिनिटं पुढे जाणार म्हटल्यावर गिरणी कामगारांनीही विरोध केला. कारण भोंगा घड्याळावर वाजतो, पण झोप सूर्यावर अवलंबून असते. मुंबईत जुनी वेळ १९५५ पर्यंत चालू राहिली.

आज हिशोब सोपा आहे. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं. उन्हाळ्यात तिकडचे लोक घड्याळ एक तास पुढे करतात, म्हणून फरक साडेचार तास होतो. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार आणि बाकीच्या दिवसांत साडेपाच.

करून पहा: हिवाळ्यात भिंतीवरचं काट्यांचं घड्याळ काढा आणि उलटं धरा, बारा खाली आणि सहा वर. मग आकडे विसरून, काटे जसे दिसतात तसे वाचा. आपले बारा वाजलेले असले तर उलट्या घड्याळात साडेसहा दिसतात. लंडनला तेव्हा सकाळचे साडेसहाच वाजलेले असतात! फक्त तासकाटा अर्धं घर मागे दिसतो, तेवढं समजून घ्यावं. घड्याळ काढताना मोठ्या माणसांना विचारा, बरं का.

तिकिटावरची वेळ आणि घरच्यांचा जीव

आता सर्वांत महत्त्वाचं. पालकांनी हा भाग जरूर वाचावा.

विमानाच्या तिकिटावर निघण्याची वेळ निघणाऱ्या शहराच्या घड्याळाची असते आणि पोचण्याची वेळ पोचणाऱ्या शहराच्या घड्याळाची. समजा, डिसेंबर महिना आहे. वरळीचा एक मुलगा पहिल्यांदाच लंडनला निघाला आहे. तिकिटावर लिहिलं आहे: मुंबई, दुपारी २ वाजता. लंडन, संध्याकाळी ६ वाजून ३० मिनिटं.

घरी आजी बोटं मोजते. दोनपासून साडेसहा म्हणजे साडेचार तास. ती देवाजवळ दिवा लावते आणि साडेसहाला फोनजवळ येऊन बसते. सात वाजतात. आठ वाजतात. फोन येत नाही. मुलाला फोन लावला तर लागतही नाही. नऊला पानं वाढतात, पण घास कुणाच्या घशाखाली उतरत नाही. गावाकडे फोन जातो, "तुम्हाला काही कळलं का?" गावाकडेही मग जाग राहते.

खरं काय असतं? आपल्या साडेसहाला विमान निम्म्या वाटेवरही पोचलेलं नसतं. ते कॅस्पियन समुद्राच्या आसपास शांतपणे उडत असतं आणि मुलगा त्यात जेवून खिडकीबाहेर पाहत बसलेला असतो. लंडनचे साडेसहा म्हणजे आपले रात्रीचे बारा. दुपारी दोनपासून रात्री बारापर्यंत दहा तास. फोन लागत नाही कारण विमानात फोन बंद किंवा 'विमान मोड'वर ठेवायचा नियम आहे. त्यात घाबरण्यासारखं काहीच नाही. उतरल्यावरही लगेच फोन येईल असं नाही. पासपोर्ट दाखवायला रांग असते, सामान यायला वेळ लागतो. तेव्हा आपल्या घड्याळात रात्रीचा एक वाजेपर्यंत तरी वाट पाहावी.

परत येताना उलटा घोटाळा होतो. समजा, विमान लंडनहून रात्री ९ वाजून ३० मिनिटांनी निघालं आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला सकाळी ११ वाजून ४५ मिनिटांनी उतरलं. बोटं मोजली तर सव्वाचौदा तास होतात. "एवढा वेळ पोर बसून कसं राहिलं असेल!" असं वाटतं. पण लंडनचे साडेनऊ म्हणजे आपले पहाटेचे तीन. तीनपासून पावणेबारा म्हणजे पावणेनऊ तासच. जाताना साडेपाच तास घड्याळात लपले होते आणि येताना ते उगीच वाढून दिसले.

म्हणून साधा नियम असा: दोन शहरांच्या वेळा कधीही एकमेकींतून वजा करू नयेत. आधी दोन्ही वेळा आपल्या घड्याळात आणाव्यात आणि मग हिशोब करावा. त्याहून सोपं म्हणजे निघतानाच मुलाकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. विमानाचा क्रमांक, आपल्या घड्याळाप्रमाणे निघण्याची वेळ आणि एकूण लागणारे तास. निघण्याच्या वेळेत तास मिळवले की पोचण्याची आपली वेळ मिळते. तो कागद कॅलेंडरला टाचून ठेवावा. आजीलासुद्धा तो वाचून दाखवावा.

आपण तिकडे फोन करतानाही हिशोब करावा. आपल्याकडे पहाटे पाचला उठून फोन लावला तर हिवाळ्यात लंडनला आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. मुलगा दमून झोपलेला असतो. त्यापेक्षा आपल्याकडे रविवारी दुपारी चारला फोन करावा. तिकडे सकाळचे साडेदहा वाजलेले असतात आणि मुलगा निवांत बोलतो.

घरापासून घरापर्यंत

विमानाचे दहा तास म्हणजे सगळा प्रवास नव्हे. वरळीहून छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंत जायला हवं. मे २०२५ मध्ये भुयारी मेट्रो वरळीपर्यंत आली. तिने सुमारे अर्ध्या तासात विमानतळ गाठता येतो. एरवी रस्त्यावर गर्दी असली तर तासाचा भरवसा नाही. परदेशच्या विमानाला तीन तास आधी हजर राहायला सांगतात. म्हणजे दोनच्या विमानासाठी सकाळी दहा-साडेदहाला घर सोडावं लागतं. तिकडे उतरल्यावर पासपोर्ट, सामान आणि शहरात जायचा वेळ मिळून आणखी दोन-अडीच तास. सगळे मिळवले तर वरळीच्या घराच्या दारापासून लंडनच्या खोलीच्या दारापर्यंत सुमारे सोळा तास होतात. तरीसुद्धा चौदा दिवसांपुढे सोळा तास म्हणजे काहीच नाही.

हे लक्षात ठेवा

१. मुंबई ते लंडन सर्वांत जवळचं अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे.
२. जवळचा रस्ता पृथ्वीगोलावर दोरा ताणून शोधावा, सपाट नकाशावर नाही.
३. थेट विमानाला जाताना साडेनऊ ते दहा तास आणि येताना नऊच्या आसपास. फरक वाऱ्याचा.
४. आकाशातला रस्ता बंद झाला की अंतर आणि वेळ दोन्ही वाढतात.
५. लंडनचं घड्याळ आपल्या मागे, हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार.
६. तिकिटावरच्या दोन वेळा दोन वेगळ्या घड्याळांच्या असतात.

स्वाध्याय

१. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. विमान मुंबईहून रात्री १० वाजता निघालं आणि दुबईला तिथल्या घड्याळाप्रमाणे ११ वाजून ४० मिनिटांनी उतरलं. खरा वेळ किती लागला?
२. मुंबई ते दुबई अंतर सुमारे १,९०० किलोमीटर आहे. आपल्या शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा किती सेंटिमीटर भरेल?
३. जानेवारीत लंडनला सकाळी ९ वाजता शाळेची घंटा झाली. तेव्हा आपल्या शाळेत काय चाललं असेल?
४. आपल्या घरातलं किंवा शेजारचं कोण परदेशी आहे? तिकडचं घड्याळ आपल्या किती मागे किंवा पुढे आहे ते विचारा आणि वहीत लिहा.

(उत्तरे: १. तीन तास दहा मिनिटं. २. सुमारे साडेचार सेंटिमीटर. ३. दुपारचे अडीच वाजलेले असतील, म्हणजे मधली सुट्टी होऊन आपण वर्गात बसलेले असू.)

मित्रांनो, पुढच्या सहलीला मुंबईला गेलो तर वरळीचं नेहरू तारांगण आपल्याला पाहायचं आहे. ते ३ मार्च १९७७ रोजी सुरू झालं. तिथल्या घुमटाखाली ग्रह-ताऱ्यांची ओळख करून देतात. जवळच नेहरू विज्ञान केंद्रही आहे. तोपर्यंत शाळेतला पृथ्वीगोल कपाटावर धूळ खात ठेवू नका. गुरुजींना विचारून खाली काढा आणि दोरा घेऊन बसा. पालकांनीही शाळेत आल्यावर दोरा लावून पाहावा. आपली माणसं कुठे आहेत ते बोटाने दाखवता आलं, की ती तेवढी लांब वाटत नाहीत.

— भूगोल गट, इयत्ता सातवी